मधल्याचा घोट

"हाई मडकं घरमां शे तोवर मी चूल पेटवस नही!" रूपीबाई म्हणाली. आवाज दबका होता, पण हातात फुंकणी होती, म्हणून तिचा नवरा रायसिंग दोन पावलं मागे सरकला.

मडकं मोहाच्या दारूचं होतं आणि ते गोठ्यात गवताखाली दडवलेलं होतं. रायसिंगने आठ महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, सगळ्या पाड्यासमोर त्याने शब्द दिला होता की दारू तोंडातही जाणार नाही आणि घरातही येणार नाही. शब्द देताना माणसाला काही वाटत नाही. खरा घाम नंतर फुटतो.

तो घाम आज फुटला होता, कारण आज त्याच्या मुलीची, भुरीची, सोयरीक होती. नवापूरच्या त्या डोंगरांत रीतच अशी, की दोन व्याही एकमेकांच्या हातचा दारूचा द्रोण पितात, तेव्हा सोयरीक पक्की. नुसत्या 'हो'ला कोण विचारतो! रायसिंगने या आठ महिन्यांत दोनदा पाहुण्यांपुढे गुळाचं पाणी ठेवून पाहिलं होतं. दोन्ही वेळा पाहुणे पोटभर जेवले, हात धुतले आणि गेले ते गेलेच. आता तिसरी सोयरीक मोडली, तर पोरीतच खोट आहे असं लोक म्हणणार. शिवाय या मुलाला, वीरसिंगला, भुरीने नवापूरच्या बाजारात पाहिलं होतं आणि घरी येऊन तीन दिवस भाकरी करपवल्या होत्या. आईला काय समजायचं ते समजलं होतं.

मडकं आणलं होतं जेठ्याने. जेठ्या म्हणजे रायसिंगचा चुलत भाऊ आणि दहा गावांच्या सोयरिकी जुळवणारा मधला माणूस. देवळाशी त्याचं भांडण नव्हतं आणि चर्चशीही नव्हतं. दोन्हीकडे जेवण असलं की तो हजर असे.

"भाऊ, तू पिऊ नको," जेठ्या समजावत होता. "नुसतं ओठले लाव नि खाले सांडी दे. तो होळ्या म्हणजे पोऱ्याना बाप, तुले ठाऊक नही. एका बैठकमां मडकं रिकामं करस तो! त्याले गुळाचं पाणी दाखाडं, तर पोऱ्याले पाठवर टाकीसन चालना जाई."

"पण मी देवले काय सांगू?"

"त्यालेबी पोऱ्या शे ना? समजी लेई तो."

रायसिंगला हे पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "रायसिंग, आहेस का घरी?" पाच कोस चालत, चर्चच्या मंडळीचे प्रचारक चुडामण मास्तर आले होते.

"सोयरीक आहे असं कानावर आलं. म्हटलं, प्रार्थना करून जावं," मास्तर ओसरीवर टेकत म्हणाले. मग त्यांनी नाक वर केलं. "हा वास कसला गं, रूपीबाई?"

रूपीबाईला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. "मोहाना शे, मास्तर," ती खाली बघत म्हणाली.

"फुलं वाळत घातली असतील," मास्तर म्हणाले. रूपीबाई चटकन आत गेली.

मास्तरांना मडकं दिसलं, तर रायसिंगचं नाव मंडळीतून कमी व्हायला एक रविवार पुरे होता. पण जेठ्या काही कच्चा नव्हता. "मास्तर," तो हात जोडून म्हणाला, "पल्याडनी रमीबाईले ताप शे. तुमनी वाट पाही ऱ्हायनी बिचारी!" रमीबाईला ताप खरोखरच होता. शिवाय तिच्याकडे सांगण्यासारखं फार होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं. मास्तर लगबगीने गेले आणि दुपारपर्यंत काही परत आले नाहीत.

पाहुणे आले. होळ्या दारातून वाकून आत शिरला, एवढा उंच. मिशा भरघोस, डोळे लाल. बरोबर वीरसिंग आणि त्यांच्या गावातली चार म्हातारी माणसं. होळ्या बसला. घाम पुसत त्याने चारी कोपरे न्याहाळले आणि विचारलं, "मडकं कोठे शे?"

रायसिंगने जेठ्याकडे पाहिलं. आल्या आल्या हाच प्रश्न!

"आणू का आते?" जेठ्याने विचारलं.

"घाई कसानी? आधी जेवण व्हऊ दे," होळ्या म्हणाला.

जेवण झालं. होळ्याने तीनदा भात घेतला. मग त्याला बैल पाहायचे झाले. मग विहिरीचं पाणी कसं आहे ते विचारायचं झालं. जेठ्याने द्रोणाचं नाव काढलं की तो म्हणे, "थांब रे, काय पळी चाललं?" रायसिंग मनात हिशेब करत होता. इतका वेळ पोटात जागा करतोय म्हणजे हा मडक्यावर थांबणार नाही, हा रांजण मागणार!

शेवटी म्हाताऱ्यांपैकी एक जण खाकरला. "दिन कलना. द्रोण भरा."

जेठ्याने पळसाचे दोन द्रोण काठोकाठ भरले आणि दोघा व्याह्यांच्या हातात दिले. पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर शिंपडायचे असतात. रायसिंगने द्रोण असा कलता केला की चार थेंबांच्या जागी अर्धा द्रोण पूर्वजांना गेला. उरलेला अर्धा त्याने ओठांजवळ नेला. आतल्या दाराआड भुरीचे डोळे दिसत होते. ओठाला लावायचं आणि सांडायचं, एवढंच तर होतं. कोण पाहतंय?

पण त्याला ते होईना. त्याने द्रोण खाली ठेवला.

"व्याही," तो म्हणाला, "माले जमत नही. मी येशूना माणूस शे. मी दारू सोडी दिधी. हाई मडकं मी घरमां येऊ दिधं, ती मन्ही चूक. मन्ही पोर सोन्यासारखी शे, तिना काही दोष नही. पण मी पिणार नही."

आत काहीतरी पितळेचं पडलं. रूपीबाईने तोंडाला पदर लावला. होळ्या ताडकन उभा राहिला, तसा वीरसिंग पांढराफटक पडला. आता थोबाडीत बसणार म्हणून रायसिंगने डोळे मिटले.

"आठ दिन!" होळ्या गरजला. "आठ दिनपासून मन्हा डोयाले डोया नही! अरे, मीबी येशूनाच शे!"

रायसिंगने एक डोळा उघडला.

"मागला महिनामां बाप्तिस्मा लिधा मी, गुजरात बाजूना पाद्रीकडथून. हाऊ जेठ्या म्हणे, रायसिंग मोठा कडक माणूस, तू नही पिशी तर तो पोर देणार नही! ओठले लाव नि सांडी दे म्हणे!"

दोघे व्याही एकमेकांकडे पाहत राहिले. मग दोघांनी मिळून जेठ्याकडे पाहिलं. त्याच वेळी दारातून आवाज आला, "पण हे मडकं आलं कुठून?" चुडामण मास्तर केव्हाचे तिथे उभे होते.

"तुले दोन्ही घरनं ठाऊक व्हतं?" रायसिंगने विचारलं.

"व्हतं," जेठ्या म्हणाला.

"मंग?"

"मंग काय मंग! शेवटला घोट मधल्याना, नि मडकामां उरी ते बी मधल्यानंच, अशी रीत शे. तुम्ही दोन्ही सांडतात, तर सगळं मडकं मन्हं व्हतं. एक एक गाव येशूकडे गयं, तुमनं भलं व्हयनं. पण तीन वरीस व्हयनात, माले कोणी एक घोट दिधा नही! मन्हं कोण पाही?"

 मास्तरांनी पिशवीतल्या पुस्तकाकडे एकदा पाहिलं आणि पिशवी तशीच बंद ठेवली. रूपीबाईने मात्र मडकं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. जेठ्याने डोळे मिटले. मास्तरांना ती प्रार्थना वाटली.

गुळाचं पाणी आलं. व्याही व्याह्याच्या हातचं प्यायले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. पण तो म्हातारा पुन्हा खाकरला. "मधल्याना घोट पडना नही. सोयरीक पक्की नही."

"मी हाई पाणी पिणार नही," जेठ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला.  होळ्याची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

भुरी स्वतः द्रोण घेऊन बाहेर आली. "काका," ती हळूच म्हणाली, "तू नही पिशी, तर लोक माले अर्धी सोयरीकवाली म्हणतीन."

जेठ्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ही पोर त्याच्याच खांद्यावर बसून बाजाराला गेली होती. त्याने द्रोण घेतला, एरंडेल प्यावं तसं तोंड केलं आणि एका दमात संपवला. लगेच रूपीबाईने गुळाच्या पाण्याचा अख्खा हंडा त्याच्यापुढे ठेवला. "उरी ते तुन्हंच, भाऊ. रीत शे."

संध्याकाळी मास्तर निघाले, तर जेठ्या आपण होऊन त्यांना टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोहोचवायला आला.  वाटेत तो म्हणाला, "मास्तर, आते प्रचारले कोणता गावले जाशात?"

मास्तरांचे डोळे पाणावले. तीन वर्षं ते या डोंगरांत प्रचार करत होते आणि जेठ्याने हा पहिलाच प्रश्न विचारला होता. त्यांनी सगळी गावं सांगितली, कोणत्या महिन्यात कुठे तेही सांगितलं. जेठ्या बोटांवर मोजत होता. दोन गावं त्याने पुन्हा सांगायला लावली.

"जेठ्या, देव तुझ्या मनात काम करतोय बघ," मास्तर गहिवरून म्हणाले.

"करी ऱ्हायना, मास्तर," जेठ्या म्हणाला. "फक्त खडकीपाडाले होळीनंतर जा. तठे दोन पोरी लग्नान्या शेतस, आधी त्यासन्या सोयरिका व्हऊ दे."