राखी शिळकरीची वाढती संख्या

जो दिसत नाही तोच पक्षी दुर्मीळ. एकदा का दिसू लागला, की त्याच्यासाठी कुणी समिती नेमत नाही. हे ओळखून संशोधन केंद्राने पक्षी बघण्याची जुनाट पद्धत बंद केली आणि जंगलातल्या झाडांना आवाज टिपणारी यंत्रं बांधली. (झाडांची संमती गृहीत धरण्यात आली.)

काम ज्यांच्याकडे आलं, त्या पक्षीतज्ज्ञांना सगळे कानसेन म्हणत. राखी शिळकरी या पक्ष्याच्या मागे त्यांनी उभी हयात घालवली होती. पक्ष्याने मात्र त्यांना कधी दर्शन दिलं नव्हतं. आणि एके दिवशी यंत्राने निर्वाळा दिला: राखी शिळकरी, खात्री सत्त्याण्णव टक्के. सत्कार झाला. जंगलातून जाणारा नियोजित रस्ता थांबला. करवती आल्या वाटेने परत गेल्या.

कानसेनांनी तो आवाज घरी लावला. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. बायको भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही.

"अहो, हे तर तुम्हीच! बॅटरी बदलायला वाकलात की अशीच शीळ घालत असणार. पुढे ऐका, 'आई गं, कंबर' म्हणालात."

म्हणाले होते खरे. यंत्राने तेवढा भाग पार्श्वभूमीतला गोंगाट धरला होता.

रात्रभर कूस बदलून ते सकाळी संचालकांसमोर उभे राहिले. "साहेब, तो पक्षी मी आहे."

संचालकांनी दार लोटून घेतलं. "खात्री किती टक्के?"

"शंभर."

"माणसाच्या शंभरावर कोण विश्वास ठेवतो? शिवाय पक्षी नाही म्हटलं, की उद्या करवती हजर."

आयुष्यात प्रथमच कानसेनांना खोटंही बोलायचं नव्हतं आणि खरंही. त्यांनी मधला मार्ग काढला: दर आठवड्याला जंगलात जाऊन वाकायचं.

पुढे दूरदूरचे तज्ज्ञ पक्षी ऐकायला आले. पक्षी ओ देईना, म्हणून प्रत्येकाने जरा आडोशाला जाऊन त्याला शीळ घातली. ताज्या गणनेत अकरा शिळकऱ्या भरल्या. (पैकी एक, कवळीमुळे, स्वतंत्र उपजात मानण्यात आली.) जंगल आजही उभं आहे, आणि त्यात कुणीही गप्प बसून ऐकत नाही.

या पक्ष्याची शीळ अगदी सोपी आहे: एक लांब सूर, मग दोन आखूड.

घातलीत ना मनातल्या मनात? बारा.