एका वेलांटीचा घोळ

"भाषा ना? दोन महिन्यांत करून टाकते!"

घाईबाईने हे जाहीर केलं तेव्हा तिचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा चपलेच्या शोधात. घाईबाई हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. नऊ महिने थांबायचा धीर नसल्यामुळे ती आठव्यातच जन्माला आली, तेव्हा आईने लाडाने ठेवलेलं हे नाव. पोरीने मात्र ते पुढची एकवीस वर्षं इमानेइतबारे चालवलं!

"अगं, भाषा घडायला हजार हजार वर्षं लागतात," आई म्हणाली.

"त्या लोकांकडे लॅपटॉप कुठे होता!"

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. प्रकल्प म्हणून कुणी हजेरीचं अ‍ॅप करत होतं, कुणी पार्किंगचं. घाईबाईने थेट नवी प्रोग्रामिंगची भाषा करायला घेतली. मराठी शब्दांची! संगणकाला 'जर', 'नाहीतर', 'सांग' असं म्हणायचं आणि त्याने निमूटपणे ऐकायचं. आपलं लिहिणं वाचून ते संगणकाला समजावणारा जो दुभाषा असतो, त्याला म्हणायचं कंपायलर. तोही तीच लिहिणार होती. भाषेचं नाव ठेवलं 'बोलकी'.

घरात तेव्हा बोलकं असं फारसं काही उरलं नव्हतं. अण्णा, म्हणजे तिचे वडील, एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांच्या लिखाणातल्या चुका शोधून देण्यात सगळी हयात गेली. आठ महिन्यांपूर्वी छापखाना बंद पडला आणि अण्णाही बंद पडले. "हं", "असेल" आणि "बघू" या तीन शब्दांवर त्यांचा दिवस निघायचा. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा हल्ली वाचायचे नाहीत. आई म्हणायची, "पूर्वी लेबलातली चूक काढल्याशिवाय गोळी गिळायचे नाहीत!"

सहा आठवड्यांत बोलकी धड चालायला लागली. अडलं एकाच ठिकाणी. प्रोग्रामात चूक झाली, की कंपायलरने ती सांगायला हवी. घाईबाईने स्वतः लिहिलेले संदेश असे होते : 'चूक!', 'पुन्हा चूक!' आणि 'काय हे!'

आईने ते वाचले. "असं कुणी माझ्यावर खेकसलं, तर मी मशीनच बंद करून टाकीन. अण्णांना विचार ना. त्यांनी आयुष्यभर चुका दाखवल्या, पण एक लेखक दुखावला नाही."

अण्णा आधी "बघू" म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला. आणि मग चार दिवस टेबलावरून उठलेच नाहीत! संध्याकाळी आईने हळूच सांगितलं, "आज जेवताना चार वाक्यं बोलले. मी मोजली."

अण्णांनी लिहिलेले संदेश बघून घाईबाई हसली आणि होते तसेच्या तसे कंपायलरमध्ये टाकून मोकळी झाली.

परीक्षा दोन दिवसांवर आली. "अण्णा, या फोल्डरमध्ये माझा अहवाल आहे आणि नमुन्याचे प्रोग्राम आहेत. जरा नजर टाका. शोधून सगळीकडे बदलायचं बटण हे. आणि हे दुसरं फोल्डर कंपायलरचं, त्याला मात्र हात लावू नका हं!"

"नाही लावणार," अण्णा म्हणाले. आणि शब्दाला जागले.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालूनच बसले होते. सकाळपासून त्यांनी हजेरीची सात अ‍ॅपं पाहिली होती. माणसाची हजेरीवरची श्रद्धाच उडावी!

"दाखवा," ते म्हणाले.

"सर, हा अगदी साधा प्रोग्राम. कालपर्यंत शंभर वेळा चाललाय!" घाईबाईने ऐटीत कळ दाबली.

पडद्यावर अक्षरं उमटली : 'ओळ ४ : "नाहीतर" हा शब्द आम्हांस ओळखता आला नाही. कृपया लेखन एकदा तपासावे. चूक आमचीही असू शकते. तसदीबद्दल क्षमस्व.'

घाईबाईने दुसरा प्रोग्राम लावला. तसदीबद्दल क्षमस्व. तिसरा लावला. क्षमस्व! दहाच्या दहा नमुने हात जोडून उभे! घाईघाईत चौथी ओळ पुन्हा लिहिताना तिच्याकडून वाक्याचा पूर्णविराम राहिला. लगेच : 'वाक्य संपलेसे वाटते, पण पूर्णविराम दिसत नाही. आम्ही थांबलो आहोत. सावकाश द्यावा.'

परीक्षकांच्या आठ्या हलल्या. "सरका जरा," ते म्हणाले आणि स्वतःच कळफलकाला भिडले. त्यांनी मुद्दाम वाटेल तसं लिहिलं. 'वजन' दुप्पट करायला सांगितलं, पण वजन म्हणजे किती हे सांगितलंच नाही.

'"वजन" यांची आमच्याशी ओळख करून दिलेली नाही.'

मग त्यांनी पाचाला शून्याने भागलं.

'शून्याने भागता येत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. आज दगदग झालेली दिसते.'

"झालीय हो!" परीक्षक पडद्यालाच म्हणाले. "सकाळपासून कुणी विचारलंसुद्धा नाही!"

नेमके तेव्हाच दारात अण्णा उभे. घाईबाई घरी विसरलेला चार्जर हातात, दोन जिने चढून धाप लागलेली. पोरीचे डोळे भरलेले बघून ते दारातच थबकले.

"काय झालं गं?"

"अण्णा, काहीच चालत नाहीये. कंपायलर 'नाहीतर' ओळखतच नाहीये!"

अण्णांचा चेहरा उतरला. "तो... तो मी दुरुस्त केला. तू सगळीकडे 'नाहितर' लिहिलं होतंस. पहिली वेलांटी. दोनशे चौदा ठिकाणी. परक्या माणसांसमोर तुझी चूक दिसायला नको, म्हणून गुपचूप बदललं. कंपायलरच्या फोल्डरला हात लावला नाही, शपथ!"

घाईबाईने डोक्याला हात लावला. म्हणजे प्रोग्रामात शुद्ध शब्द आणि कंपायलरच्या शब्दयादीत तिचा अशुद्ध! दुभाषा बिचारा अशुद्धच शिकलेला, तो शुद्ध ओळखणार कसा?

अण्णा चार्जर टेबलावर ठेवून मागे सरकले. "माझ्यामुळे पोरीचं वर्ष... साहेब, तिचे गुण कापू नका. मी निघतो."

पुन्हा तो "हं, असेल, बघू"चा काळ समोर दिसला आणि घाईबाई ताडकन उठली. तिने अण्णांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"कुठेही जायचं नाही! चूक माझी आहे. सर, दोन मिनिटं द्या."

तिने कंपायलरची शब्दयादी उघडली, एकच वेलांटी बदलली आणि कंपायलर नव्याने बांधायला लावला. जन्मात पहिल्यांदाच दोन मिनिटं ती हाताची घडी घालून शांत बसली. अण्णा पडद्याकडे बघत होते.

दहाच्या दहा प्रोग्राम चालले!

परीक्षकांनी बारीकसारीक प्रश्न विचारले, तिने पटापट उत्तरं दिली; चुकांचे संदेश अण्णांचे, हेही सांगून टाकलं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिला ओलांडून मागे बघितलं.

"हे संदेश आपण लिहिलेत?"

"हो. जरा लांबले असतील..." अण्णा म्हणाले.

"तीस वर्षं संगणक माझ्यावर डाफरतोय, साहेब. आज पहिल्यांदा माणसासारखा बोलला." आणि त्यांनी उठून अण्णांशी हात मिळवला. अण्णा नुसता चष्मा काढून पुसत राहिले, बराच वेळ.

परतीच्या वाटेवर मात्र ते जे सुरू झाले, ते घर येईपर्यंत थांबेनात! वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, अपवाद कोणते, अपवादांचे अपवाद कोणते. एरवी घाईबाई अर्ध्या वाक्यात पळाली असती. त्या दिवशी तिनेच लांबचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर कॉलेजातले, खालच्या वर्गातले पाच विद्यार्थी, काखेत लॅपटॉप! घाईबाईने केस सारखे केले, आवाज खाकरला आणि नव्या भाषेच्या जनकाला, म्हणजे जननीला, शोभेल अशा रुबाबात विचारलं, "बोलकीबद्दल विचारायचंय ना?"

"नाही," सगळ्यांत पुढची मुलगी म्हणाली. "अण्णा आहेत का? आमच्या अ‍ॅपलाही जरा प्रेमाने बोलायला शिकवायचंय."

आतून अण्णांचा खणखणीत आवाज आला, "या, या! एकेक जण या!"

पाचही जण घाईबाईच्या अंगावरून आत गेले. शेवटचा मात्र दारात थांबला. भाषेच्या जननीकडे त्याने आदराने पाहिलं आणि विचारलं, "ताई, चपला इथेच काढू का?"