सासऱ्यांच्या व्हायोलिनची किंमत

आमच्या सासऱ्यांना माझ्याइतकं कुणीच ओळखत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आलो आहे. त्यांची मुलगीसुद्धा नाही! ते आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या वरच्या घरात राहतात. निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी ते व्हायोलिन वाजवतात आणि आम्ही ऐकतो. ऐकतो म्हणजे काय, इलाज नसतो! लोखंडी पलंग फरशीवरून ओढत नेल्यासारखा तो आवाज सुरू झाला की मी चहाचा कप घेऊन बाथरूममध्ये बसतो आणि नळ सोडतो.

"त्यांना सांग ना जरा," मी बायकोला म्हणायचो.

"तू सांग! आई गेल्यापासून तेवढाच विरंगुळा उरलाय बाबांना."

आता आली का पंचाईत! माझाही जीव आहे हो त्यांच्यावर.

पण सासऱ्यांचा एक स्वभाव मला पक्का ठाऊक. महागाची वस्तू वापरायची नाही! सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. मी दिलेलं भारी पेन डबीत पडून आहे आणि हे शब्दकोडी सोडवतात पेन्सिलच्या थोटकाने. तेव्हा व्हायोलिन एकदा मौल्यवान ठरलं, की गेलंच कपाटात! ना भांडण, ना रुसवा. या कल्पनेवर मी इतका खूश झालो की स्वतःची पाठ थोपटायला गेलो. हात पोचला नाही.

"बाबा, हे जुनं दिसतंय. कुणाचं?"

"आमच्या मास्तरांचं. शेवटी शेवटी मला देऊन गेले."

"मग जाणकाराला दाखवायलाच हवं!"

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे मी एकटाच गेलो. त्याने ते दिव्याखाली धरलं, पाठीवर टिचकी मारली, कडेवरून नख फिरवलं.

"चांगल्या व्हायोलिनला कडेने लाकडाची बारीक पट्टी बसवलेली असते. इथे नुसती रेघ रंगवली आहे. कारखान्यातला माल. जुनं आहे, पण किंमत विचारू नका."

"घरी सांगताना जरा वाढवून सांगाल का?"

"मी खोटं सांगत नाही. बरं, याच्या पोटात लाकडाचा छोटा खांब असतो, तो कलंडलाय. म्हणून आवाज बसलाय. उभा करून देऊ?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की दुकानातल्या तारा झणझणल्या.

शेवटी थाप मलाच मारावी लागली. "बाबा, शंभर वर्षांपूर्वीचं! अमूल्य आहे म्हणाले!"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "मास्तरांनी एवढी मोठी वस्तू मला दिली?" इतकंच म्हणाले आणि व्हायोलिन मऊ चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत राजासारखा चहा प्यालो. पण मग वर नवं कुलूप आलं. चोराच्या धास्तीने सासऱ्यांचं फिरणं बंद झालं. शेजारी व्हायोलिन बघायला यायचे, तर त्यांना ते लांबूनच दाखवलं जायचं. आणि मग वरून काहीच ऐकू येईना, पावलांचासुद्धा आवाज नाही!

मी वर गेलो. सासरे प्लॅस्टिकच्या सोफ्यावर बसले होते. उजवा हात आडवा धरून त्याच्यावर डाव्या हाताची बोटं फिरवत होते.

"काय करताय बाबा?"

"रियाज. बोटं विसरतात हो."

"बाबा, काढा ते बाहेर! साधंच आहे, मी थाप मारली होती!"

"जावईबापू, मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलू नका. इतक्या मोलाचं वाद्य, आणि त्याच्यावर मी? माझी लायकी आहे का?"

मी धावतच गेलो आणि कारागिराला जवळजवळ उचलून आणलं. त्याने सासऱ्यांना ती रंगवलेली रेघ दाखवली. माझी बायको दारात उभी, मी घामाघूम. मास्तरांची भेट कवडीमोल निघाली म्हणून म्हातारा खचला तर?

सासऱ्यांनी रेघेवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि लहान मुलासारखे हसले.

"म्हणजे मास्तरांनी हे मला जपायला नव्हतं दिलं. वाजवायला दिलं होतं!"

बायकोने डोळे पुसले. मीही पुसले, लपवायचं कशाला?

"आणि तो खांब?" कारागिराने विचारलं. "त्या दिवशी हे नको म्हणाले होते."

"नको? का रे?" बायकोने माझ्याकडे वळून विचारलं.

"छे! करा की, लगेच करा!" मी म्हणालो.

त्याने वाकडा चिमटा आत घालून खांब उभा केला आणि सासऱ्यांनी गज ओढला. आवाज दुप्पट झाला! सूर मात्र होते तिथेच राहिले. मधल्या काळात बोटं अडली म्हणून आता सकाळचाही रियाज सुरू झाला आहे.

परवा सासऱ्यांनी संकोचत विचारलं, "जावईबापू, खाली नीट ऐकू येतं ना?"

"अगदी स्पष्ट, बाबा!" मी म्हणालो. "नळ चालू असतानासुद्धा!"