बाकावर उरलेले मास्तर

चर्चच्या मंडळीची संख्या रोडावत चालल्याची बाब कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निदर्शनास आली, तेव्हा तिच्यावर गांभीर्याने विचार करण्यात आला. रविवारच्या उपासनेला मागचे बाक रिकामे राहत. तातडीचा उपाय म्हणून मागचे बाक काढून टाकले. मग मधले रिकामे दिसू लागले आणि बाहेरून प्रशिक्षक बोलावण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

प्रशिक्षकांनी पहिल्या तासातच निदान केले. "तुमच्याकडे माणसांची नाही, नेत्यांची टंचाई आहे. प्रत्येकात एक नेता दडलेला असतो. त्याला बाहेर काढा, मंडळी आपोआप ताजीतवानी होईल." हे सगळ्यांना लगेच पटले. आपल्यात कोणीतरी दडले आहे, असा संशय ज्याला त्याला पूर्वीपासून होताच.

टेलरमास्तरांचे मन तेवढे घरी होते. त्यांची बायको खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. उभा जन्म ती गायनमंडळात खालचा सूर गायली. तिचे मागणे एवढेच, की मंडळीतल्या कोणीतरी यावे, उशाशी बसावे आणि तिच्याबरोबर एक गीत म्हणावे. खालचा सूर एकटीने गाऊन भागत नाही, वरचा लावणारे माणूस लागते. मास्तरांचा आवाज कुठल्याच मापात बसणारा नव्हता, त्यामुळे ते बाद.

उपासनेनंतर मास्तरांनी पाळकसाहेबांना गाठले. "साहेब, एकदा घरी येऊन जाल का? ती फार वाट बघते हो."

"मास्तर, अगदी काळजाला भिडलं," पाळकसाहेब म्हणाले. "पण भेटसेवा हा आता स्वतंत्र विभाग झालाय. मीच गेलो, तर विभागप्रमुखांच्या नेतृत्वाला वाव कसा मिळणार?"

विभागप्रमुख म्हणजे नर्सबाई. पूर्वी त्या ड्यूटीवरून परतताना सहज आजाऱ्यांकडे डोकावून जात, कोणी सांगावे लागत नसे. आता त्यांचे प्रशिक्षण झाले होते. "मी फक्त दिशा देते, मास्तर. प्रत्यक्ष जाणं उपप्रमुखांकडे." उपप्रमुखांनी समन्वयक नेमला होता आणि समन्वयक मार्गदर्शकाच्या शोधात होता. गायनमंडळातल्या बायका तर झाडून सगळ्या गायननेत्या झाल्या होत्या. रविवारी त्या समोर ओळीने उभ्या राहून हातवारे करीत आणि गीत स्पीकरवर वाजे.

नेत्यांनी बाकावर बसणे बरे दिसेना, म्हणून व्यासपीठ वाढवले. त्यासाठी पुढचे बाकही काढावे लागले. अखेर एकच बाक राहिला आणि त्यावर मास्तर. सगळी नेतेमंडळी त्यांच्याकडे एकटक पाहत त्यांना प्रेरणा देऊ लागली. मास्तरांना जांभई द्यायचीही चोरी झाली.

"मास्तर, तुमच्यातला नेता कधी बाहेर येणार?" प्रशिक्षकांनी एकदा विचारले.

"नीट बघितलं मी, साहेब. आत कोणी नाही."

"राहू द्या त्यांना," कमिटीचे सेक्रेटरी घाईने म्हणाले. "तेही वर आले, तर आपण नेतृत्व कोणाचं करायचं?"

मास्तर मात्र दर रविवारी तेच विचारीत राहिले. शेवटी विषय बैठकीत आला. भेट दिलीच पाहिजे, यावर एकमत झाले. काहींचे डोळे पाणावले. अडचण एवढीच होती, की नेत्यांनी स्वतः जायचे तर अनुयायी कशाला हवेत? अनुयायी एकच होता. त्यालाच पाठवावे, असा ठराव संमत झाला.

"अहो, पण मी तिथंच राहतो," मास्तर म्हणाले.

"मग जायचा प्रश्नच मिटला," सेक्रेटरी म्हणाले.

मास्तरांना समोर बोलावून सगळ्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले आणि या सेवेसाठी प्रार्थना केली. हात इतके होते, की त्यांचा चष्मा खाली पडला.

प्रार्थना वाया जाऊ नये, म्हणून मास्तरांनी स्वतःच्या दारावर खरोखर टकटक केली. "या, या, दार उघडंच आहे," आतून उत्साहाचा आवाज आला. बायको उशीला टेकून बसली होती. तिने केस सारखे केले होते.

"तुम्ही होय?"

"मंडळीकडून आलोय," मास्तर म्हणाले आणि त्यांना भयंकर लाज वाटली.

तरी ते उशाशी बसले आणि गीत सुरू केले. तिने दोन ओळी खालचा सूर धरला, मग थांबली. "राहू द्या," ती हळूच म्हणाली. "मला रडू येतंय ते तुमच्या आवाजामुळे नाही." मास्तरांना ते कळत होते. त्यांनाही पुढे गाता येईना.

रविवारी जाहीर झाले, की भेटसेवेचे उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले आहे. व्यासपीठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रशिक्षकांनी ही पद्धत दुसऱ्या मंडळ्यांत नेली आणि तिथेही ती यशस्वी झाल्याचे ऐकिवात आहे.

मास्तरांची बायको अजून दुपारभर दाराकडे कान लावून असते. हे वाचून तुम्ही हळहळला असाल. भल्या माणसांचे तसे होतेच. तुमच्या ओळखीतले असेच एखादे अंथरुणाला खिळलेले माणूसही तुम्हाला आठवले असेल. त्याच्याकडे जायला हवे, असे मनात आले असेल. कोणीतरी. आता तुम्ही ही गोष्ट चार जणांना वाचायला द्याल. पंचकमिटी तुमच्यासारख्याच माणसांच्या शोधात आहे.