होपस्टिल वॉडलीला चौदा दिवसांची मुदत

आमच्या एल्डम गावात माणूस चांगला की वाईट हे कोणी विचारत नाही. त्याच्या घराण्यातला पहिला माणूस इंग्लंडहून कोणत्या साली उतरला, एवढंच विचारतात. सोळाशे ऐंशीच्या आधी उतरला असेल तर तो गावचा. नंतर उतरला असेल तर पाहुणा, आणि पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. माझी बायको इंगा नेब्रास्काहून लग्न करून इथे आली, त्याला शेहेचाळीस वर्षं झाली. वाण्याकडे तिला अजून विचारतात, "मग, कसं काय वाटतंय आमचं गाव?"

मी लायमन वॉडली. गावच्या शाळेत एकेचाळीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. दर नोव्हेंबरात, स्थापनादिनाला, काळा झगा, पांढरी कॉलर आणि उंच टोपी घालून मी सभाघराच्या पायरीवर उभा राहतो आणि मुलांना माझ्या पूर्वजाची, होपस्टिल वॉडलीची, गोष्ट सांगतो. जहाज कसं हेलकावत आलं, होपस्टिलनं गावाचा पहिला दगड कसा रचला, इथल्या मूळच्या लोकांनी मक्याची कणसं देऊन त्याचं कसं स्वागत केलं. त्या लोकांचं पुढे काय झालं, असं एखादं मूल विचारायचंच. ते पाचवीत शिकवतात, असं मी सांगायचो. पाचवीच्या बाई सांगायच्या, ते चौथीत झालंय.

निवृत्त झाल्यापासून मी गावच्या नियोजन समितीवर आहे. गावात कोणी नवीन घरं बांधायला निघालं की समितीनं तीन प्रश्न विचारायचे, असा नियम आहे. येणारे लोक कोण? ते गावावर भार होतील का? आणि ते गावाच्या वळणात बसतील का? हे तीन प्रश्न मीच लिहिले आहेत. भाषा सोपी आहे, मुलांनाही कळेल अशी. ही गोष्ट घडली त्या वर्षी बटणांच्या बंद कारखान्याच्या जागेवर बारा भाड्याच्या घरांची योजना आली होती. माझ्या जागी चौथीला शिकवणाऱ्या मिस अल्मेडा यांना त्यातलं एक हवं होतं, कारण गावात परवडणारं घर न मिळाल्यानं त्या बर्फाच्या वादळातही चाळीस मैलांवरून गाडी हाकत येत. व्यक्तिशः त्या मला फार आवडतात. पण समितीत बसल्यावर माणसानं व्यक्तिशः राहू नये.

त्याच वर्षी गाव साडेतीनशे वर्षांचं झालं, तेव्हा आद्यवसाहतकार वंशज मंडळानं ठराव केला की यंदा टोपी प्रमाणपत्रधारक वंशजानंच घालावी. मंडळाच्या चिटणीस कॉर्डिलिया बँग्ज यांच्याकडे मी तक्रार घेऊन गेलो. वय चौऱ्याऐंशी, कणा अठराव्या शतकातला.

"कॉर्डिलिया, एकेचाळीस वर्षं ती टोपी मी घालतोय!"

"माहितीय. म्हणूनच ती आधी धुवायला टाकलीय," त्या म्हणाल्या. "पुरावा आण, लायमन. तुझ्यासाठी दोन ओळींची तर गोष्ट."

मी पुरावा म्हणून आमच्या घरातला जस्ताचा पेला नेला. होपस्टिल जहाजावर याच पेल्यातून पाणी प्यायचा, असं माझे वडील सांगत, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. कॉर्डिलियांनी चष्मा लावला, पेला उलटा केला आणि बुडावरचा छाप मला वाचायला लावला. पेला एकोणिसाव्या शतकातला, शेजारच्या राज्यातल्या कारखान्यातला निघाला.

"पाणी पीत असेल," त्या म्हणाल्या, "पण फार वाट बघावी लागली असणार."

मग मी कागदांकडे वळलो. सतराशे दोनपर्यंतचे जन्म-मृत्यू सरळ लागले. त्याच्या मागे मात्र होपस्टिलचा पत्ता नाही. शेवटी गावची दप्तरदार डॉटी मदतीला धावली. ही माझीच विद्यार्थिनी. भागाकारात कच्ची, शोधाशोधीत पक्की. तीन आठवडे ती तळघरातल्या तिजोरीत पेट्या उचकत होती. एका सकाळी तिचा फोन आला.

"सर, सापडला! सोळाशे त्र्याण्णव! नाव अगदी स्वच्छ लिहिलंय!"

"जमीन दिल्याचा कागद आहे?"

"नाही," डॉटी म्हणाली. "तुम्ही इकडेच या. आणि येताना बसायच्या तयारीनं या."

कागद असा होता: 'होपस्टिल वॉडली नावाचा इसम, बायको, चार मुले व एक डुक्कर यांसह या गावी येऊन राहिला आहे. गावाने त्यास बोलाविलेले नाही. पुढे तो गावावर भार होण्याचा संभव दिसतो. सबब त्याने, त्याच्या कुटुंबाने व त्याच्यापासून होणाऱ्या संततीने चौदा दिवसांचे आत गावाची हद्द सोडावी.' खाली पंचांच्या खुणा आणि ताकीद पोचवणाऱ्या कोतवालाची सही.

"आणि पहिला दगड?" मी विचारलं.

"दगडाचा उल्लेख आहे सर. जाताना तो जागेवर ठेवून जावा, असं लिहिलंय."

त्या काळी अशा ताकिदी सर्रास दिल्या जात. उद्या कोणी गरीब झाला, आजारी पडला, तर त्याला पोसायची पाळी गावावर येऊ नये म्हणून आधीच कागद हातात ठेवायचा. हे मी मुलांना शिकवलेलंही आहे. फक्त तो कागद कोणाच्या हातात पडला, हे माझ्या पाठात नव्हतं.

कॉर्डिलियांनी कागद दोनदा वाचला. "पुरावा उत्तम आहे. तुझा पूर्वज इथे होता, हे सिद्ध होतं. आणि गावानं त्याला गावचा मानलं नव्हतं, हेही सिद्ध होतं. ताकीद मागे घेतल्याचा कागद आण, मी आजच प्रमाणपत्र देते."

ताकीद कधी मागे घेतलीच नव्हती. डॉटीनं रीतसर गावच्या वकिलाचं मत मागवलं. वकिलानं सात पानं लिहिली. सार असं की, गावानं काढलेला हुकूम गाव रद्द करीपर्यंत हुकूमच असतो. थोडक्यात, वॉडली घराणं तीनशे तीस वर्षं एल्डममध्ये मुदतीबाहेर राहत होतं.

प्रकरण गावसभेपुढे गेलं. विषय क्रमांक तेवीस, बर्फ उपसण्याच्या नव्या यंत्राच्या खालोखाल. मी धरून चाललो होतो की टाळ्यांच्या गजरात ठराव पास होईल. पण अध्यक्षांनी नियमांची वही उघडली. नवीन घरं असोत की माणूस, गावात राहू द्यायचं तर माझेच ते तीन प्रश्न विचारणं बंधनकारक.

"येणारे लोक कोण?" त्यांनी विचारलं.

"अरे, मी!" मी म्हणालो. "तुला पाढे मी शिकवलेत!"

"सर, उत्तर प्रश्नाला धरून. गावावर भार होतील का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "निवृत्तिवेतन गावच देतंय की!" सभागृह हसलं. मीही हसलो, म्हणजे तसा प्रयत्न केला.

"गावाच्या वळणात बसतील का?"

यावर दीर्घ चर्चा झाली. बायको नेब्रास्काची असल्याचा मुद्दा दोघांनी मांडला. अखेर विषय अभ्यासासाठी नियोजन समितीकडे गेला. स्वतःच्या प्रकरणात बसता येत नाही म्हणून मला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि माझ्या सहा सहकाऱ्यांनी एकमतानं शेरा दिला: 'अर्जदाराचे वय पाहता हा प्रश्न कालांतराने आपोआप सुटेल. तूर्त कार्यवाही नको.' तोवर दर चौदा दिवसांनी डॉटीकडे जाऊन सही करायची आणि मुदतवाढ घ्यायची. पहिल्या सहीला डॉटीचेच डोळे भरून आले. "सर, पेन माझं घ्या. चांगलं चालतं," ती म्हणाली.

स्थापनादिनाला आठवडा उरला. टोपी धुऊन, इस्त्री होऊन कॉर्डिलियांच्या दिवाणखान्यात टांगलेली होती. त्यांनी मला चहाला बोलावलं.

"लायमन, तुझ्या आईचं माहेर कोणतं रे?"

"पिंकम."

"मग असा रडतोस काय? ताकिदीवर सही करणारा कोतवाल एझ्रा पिंकम! सोळाशे शहात्तरचा, गावानं मानलेला. साखळी मी कालच जुळवली, एकही दुवा कच्चा नाही. वॉडली सोड. पिंकम म्हणून अर्ज कर."

मला हाकलणारा माझाच पूर्वज निघाला होता. टोपी हवी तर त्याच्या बाजूनं उभं राहायचं, होपस्टिलच्या बाजूनं उभं राहायचं तर बोडक्या डोक्यानं. मी घरी येऊन इंगाला विचारलं. ती बीन्स भिजत घालत होती.

"विचारतोस काय? डोकं तर केव्हापासूनच त्या बाजूला आहे," ती म्हणाली. "टोपीच तेवढी राहिली होती."

मी याला होकार समजलो.

स्थापनादिनाला मंडळानं नवी पद्धत सुरू केली. वंशजानं आपल्या पूर्वजाचा अस्सल कागद वाचून दाखवायचा. पिंकमचा अस्सल कागद एकच उपलब्ध होता. मी सभाघराच्या पायरीवर टोपी घालून उभा राहिलो आणि मिस अल्मेडांच्या चौथीसमोर, खड्या आवाजात, होपस्टिल वॉडलीला त्याच्या संततीसह गावाबाहेर काढलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, मग ते गेले का?"

"नाही गेले, बाळ."

"का?"

चौथीच्या मुलाला अर्धवट उत्तर देऊ नये, हा माझा जुना नियम. मी कागद उलटा केला. मागे कोतवालानं बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या. त्या मी वाचल्या. 'चौदावा दिवस. हाकलण्यास गेलो. बर्फ होते. परत आलो.' 'अठ्ठाविसावा दिवस. गेलो. त्याची बायको बाळंत. परत आलो.' 'गेलो. तो सभाघराचे गळके छप्पर शाकारीत होता. शिडी धरली. परत आलो.' 'गेलो. त्यांनी माशांची गरम चावडर दिली. दोन वाडगे घेतले. परत आलो.' अशा एकोणीस नोंदी होत्या. विसावी नव्हती.

मुलं खदखदून हसली. मिस अल्मेडाही हसल्या. मग डोळे पुसत मला म्हणाल्या, "सर, चांगले होते हो तुमचे पिंकम."

त्याच दुपारी बारा घरांच्या योजनेवर समितीचं मतदान होतं. तीन बाजूनं, तीन विरुद्ध, आणि मी. टोपी अजून डोक्यावरच होती. समितीच्या अध्यक्षांनी तीन प्रश्न वाचले. माझीच भाषा, किती सोपी. शिडी आठवली, चावडर आठवली. योजनेच्या विरुद्ध कोण, असं विचारल्यावर हात मात्र सवयीनं वर गेला. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की उत्तर नीट कळल्याशिवाय हात वर करायचा नाही. योजना एका मतानं पडली. मिस अल्मेडा उजेड होता तोवरच चाळीस मैलांच्या रस्त्याला लागल्या.

सोमवारी सहीला गेलो. डॉटीनं वही पुढे सरकवली, पण पेन दिलं नाही. मी माझंच वापरलं.

"आणखी चौदा दिवस, सर," ती म्हणाली. "त्या एकोणीस नोंदींच्या खाली थोडी जागा आहे. काय लिहू?"

अजून उत्तर दिलेलं नाही. मुदत चालू आहे. तुम्ही हसा, हरकत नाही, पण त्याआधी घरातले जुने कागद एकदा चाळून घ्या. अशी एखादी ताकीद सापडली तर जपून ठेवा. सापडली नाही, तर मात्र निश्चिंत होऊ नका. ताकीद ज्याला मिळते त्याच्या नावावर ती राहते. देणाऱ्याच्या घरी तिची नक्कल नसते.