बायकोच्या बाजूचा शॉकअप

चष्मेवाल्याची बायको बहिणीकडून परत आली ती शेजारच्या दंतवैद्याच्या गाडीतून. चष्मेवाल्याला दुकान सोडता येत नव्हतं, आणि दंतवैद्य त्याच बाजूला गेला होता. येताना तो तिला घेऊन आला. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. ती उतरली, पिशवी घेतली, "बरं झालं भाऊजी, तुम्ही होतात," म्हणाली. तोपर्यंत चष्मेवाला दारात हसत उभा होता. मग दंतवैद्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वहिनींना काय झोप लागली हो! घाट लागला, घाट संपला, डोळे मिटलेलेच. आता गाडीच तशी आहे म्हणा!"

चष्मेवाल्याच्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं.

कारण दोघांची गाडी एकच होती. एकाच कंपनीची, एकाच वर्षाची, आणि रंगही तोच, मळका पांढरा. त्याच्या गाडीत बायको आजवर एकदाही झोपली नव्हती. ती खिडकीवरचं कडं धरून बसायची आणि बोलायची. "अहो, खड्डा." "अहो, तो सायकलवाला." "अहो, गॅस बंद केला का मी?" गाडी आपटली की तिचं वाक्य मध्येच तुटायचं, आणि पुढचा खड्डा यायच्या आत ती ते पुरं करायची.

जेवताना त्याने विषय काढलाच.

"झोपलीस म्हणे."

"कोण?"

"तू. त्याच्या गाडीत."

"हं. दमले होते." तिने त्याच्या ताटात भाजी वाढली.

"आपल्या गाडीत कधी दमली नाहीस ती?"

"अहो, गाडीत झोपले, त्याच्या घरी नाही. जेवा गुपचूप."

सकाळी तो अंगणात गेला. गाडीचे दणके झेलणारे शॉकअप चांगले आहेत का, ते बघायची एक सोपी रीत त्याला कोणीतरी सांगितली होती. गाडीचा कोपरा हाताने दाबायचा आणि सोडायचा. चांगली गाडी वर येऊन थांबते. त्याने आपल्या गाडीचा कोपरा दाबला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, आणि एखादी म्हातारी 'हो बाई, हो बाई' म्हणत मान हलवते तशी बराच वेळ डोलत राहिली.

मग इकडे तिकडे बघून तो दंतवैद्याच्या गाडीशी गेला. ती दाबली. ती वर आली आणि शहाण्या मुलीसारखी उभी राहिली. त्याचा विश्वास बसेना. नीट वजन पडावं म्हणून तो बॉनेटवर अर्धवट बसला आणि त्याने दणका दिला. गाडीने भोंगा लावला.

दंतवैद्य गॅलरीत आला. तोंडात ब्रश होता, त्यामुळे या खेपेला बोलता न येणारा माणूस तो होता.

"ऊं?"

"मांजर!" चष्मेवाला ओरडून म्हणाला. "बॉनेटवर मांजर बसलं होतं!"

दंतवैद्याने थुंकून तोंड मोकळं केलं. "मग ते उठल्यावर तुम्ही का बसलात?"

चष्मेवाल्याने त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि आधी गॅरेज गाठलं. गॅरेजवाला त्याचंच गिऱ्हाईक होता. चष्मेवाल्याकडूनच घेतलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, मान तिरकी करून त्याने गाडीखाली पाहिलं.

"चारही गेले. तेल गळतंय. तेलाचे घाला, मऊ असतात. नाहीतर गॅसचे घाला, कडक असतात पण गाडी रस्ता धरून चालते."

"दातवाल्याच्या गाडीत काय आहे?"

"तेलाचे. मीच घातलेत."

"मग मला त्याच्याहून मऊ द्या."

"त्याच्याहून मऊ पाहिजे असतील तर हे जुनेच राहू द्या की!"

चष्मेवाला विचारात पडला. जन्मभर त्याने लोकांचे डोळे तपासले होते, आणि आधी एक झाकून, मग दुसरा झाकून तपासले होते. दोन डोळ्यांना डोळे मिटून एकच काच बसवणाऱ्याला तो चष्मेवाला म्हणतच नसे.

"असं करा," तो म्हणाला, "माझ्या बाजूला पुढं-मागं गॅसचे घाला. मला गाडी धरायची असते. बायकोच्या बाजूला तेलाचे. तिला झोपायचं असतं."

गॅरेजवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, ते जोडीनं बदलतात. पुढचे दोन सारखे, मागचे दोन सारखे."

"डोळ्यांचीही जोडीच असते. म्हणून मी काय दोन्हीकडे एकच नंबर देतो?"

"गाडी वेडीवाकडी चालेल."

"बायको कोणाची आहे? माझी ना? मग घाला."

"घालतो बुवा. नंतर माझ्या नावानं बोंब मारायची नाही."

रविवारी चष्मेवाल्याने बायकोला गाडीत बसवलं. आता एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घातल्यासारखी गाडी चालायला लागली. खड्ड्यात त्याची बाजू ताठ राहायची आणि बायकोची बाजू गादीसारखी खाली बसायची. दुकानातल्या सवयीने तो प्रत्येक खड्ड्यानंतर विचारू लागला, "आता बरं वाटतंय, की मघाशी बरं होतं?"

"मघाशी."

"आणि आता?"

"मघाशीच."

"नीट सांग. हे बरं, की हे?"

"अहो, थांबवा! आता उलटी होईल!"

ती रस्त्याच्या कडेला उतरून पदराने वारा घेत उभी राहिली. आणि नेमका मागून दंतवैद्य आला. दुसरं कोणी आलं असतं तरी चाललं असतं.

"काय झालं वहिनी? या, घरीच निघालोय. गाडी कशी, पाळणा आहे नुसता!"

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या गाडीकडे पाहिलं, आणि ती पाळण्यात जाऊन बसली. चष्मेवाला आपली गाडी हाकत त्यांच्या मागे निघाला. पहिलं वळण घेण्याआधीच पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून त्याला तिचं डोकं सीटवर टेकलेलं दिसलं. झोपली! दिवसाढवळ्या, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत झोपली!

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडायच्या आधी तो दारात हजर होता.

"चारही तेलाचे घाला. जोडीनं."

"का हो?" गॅरेजवाला जांभई देत म्हणाला. "चार दिवसांत सवय होईल की. मला हा चष्मा देताना तुम्ही हेच म्हणाला होतात."

चष्मेवाल्याने त्याच्या तिरक्या मानेकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "संध्याकाळी दुकानात या. नंबर परत तपासतो," तो हळूच म्हणाला.

पुढच्या सुट्टीला दोघं बायकोच्या बहिणीकडे जाऊन आली. परतताना गाडी लोण्यातून चालल्यासारखी चालत होती. चष्मेवाल्याने बायकोला सगळं समजावून सांगितलं: तेल कुठून कुठे जातं, पिस्टन काय करतो, गॅस का नको, जोडी का पाहिजे. घाट लागला तेव्हा तिचे डोळे मिटले. घाट संपला तरी मिटलेलेच होते. चष्मेवाल्याला गाडी थांबवून कोणालातरी पेढे वाटावेसे वाटले.

अंगणात दंतवैद्य गाडी पुसत होता.

"हिला काय झोप लागली हो!" चष्मेवाल्याने खिडकीतूनच सांगितलं. "घाट लागला, घाट संपला!"

दंतवैद्याचा हात फडक्यावर थांबला. "माझ्या गाडीत लागली होती त्याहून?"

"छे! ती कसली झोप!"

घरात आल्यावर त्याला राहवेना. "खरं सांग. त्याच्या गाडीपेक्षा इथं चांगली लागली ना?"

"त्यांच्या गाडीत कुठं झोपले होते मी?" ती पाणी पीत म्हणाली. "सोंग घेतलं होतं. तो माणूस बोलायचं थांबेल तर शपथ. सवयच तशी, समोरचा आ करून बसलेला, उत्तर देणार कुठून? निघाल्यापासून अक्कलदाढ. मी डोळे मिटले तेव्हा कुठं थांबला."

"त्या रविवारी पण?"

"त्या रविवारी पण. उलटीपेक्षा दाढ परवडली."

चष्मेवाला पोट धरून हसला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम थांबला.

"आणि आज?"

"आज काय?"

"आज मी पिस्टनचं सांगत होतो..."

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिला घेऊन निघाला तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही. ती डोळे मिटून बसली होती. ज्याने जन्मभर लोकांचे डोळे पाहिले, त्याला बायकोचे मिटलेले डोळे खरे की खोटे, कळेना. समोर एक खड्डा आला. चुकवता आला असता. त्याने चुकवला नाही. गाडी अलगद खाली गेली, अलगद वर आली.

"अहो, खड्डा," ती डोळे न उघडता म्हणाली.

"दिसला."

"मग आज गप्प का? ते पिस्टनचं काय होतं पुढं?"

"ऐकत होतीस?"

"ऐकत होते म्हणजे काय, कानावर पडत होतं. सांगा. तुमचं चालू असलं की बरं वाटतं."

त्याने पहिल्यापासून सांगायला घेतलं. तेल आलं, पिस्टन आला, जोडीपर्यंत पोचला तेव्हा ती बारीक घोरत होती. सोंग घेतलेलं माणूस घोरत नाही. त्याने सांगणं थांबवलं नाही. आवाज तेवढा खाली आणला.