नानांची उजवी बाजू

औषध कोणाला लागू पडेल हे आधीच ओळखण्यात वैद्यकशास्त्राचं मोठेपण आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरला की एका नव्या औषधाआधी डॉक्टर मुख्यतः दोन खुणा पाहतात. एक, गाठीतली ठरावीक जनुकं बिघडलेली नसावीत. दोन, गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला असावी, कारण उजवीकडची सहसा दाद देत नाही. पहिली खूण यंत्र तपासतं. घानातल्या कुमासी शहरातल्या एका इस्पितळात दुसरी खूण नोंदणी लिपिक श्री. बादू वहीत लिहीत.

बादू अत्यंत सभ्य गृहस्थ. डाव्या हाताने त्यांनी कधी कोणाला कागद दिला नाही, की रस्ता दाखवला नाही. माशीसुद्धा ते उजव्यानेच हाकलत. 'डावं' म्हणायची वेळ आलीच तर आधी 'सेबे', म्हणजे माफी असावी, असं म्हणत. वहीच्या रकान्यात मात्र 'सेबे' लिहायला जागा नव्हती. म्हणून थोरामोठ्यांपुरतं ते 'उजवी' लिहीत.

सहा वर्षांची आकडेवारी बोलकी आहे. गावप्रमुख एकतीस, सगळे उजवे. निवृत्त मुख्याध्यापक अठरा, सगळे उजवे. पाद्री नऊ, त्यातले आठ उजवे (नवव्याशी बादूंचं वाकडं होतं). वडापचे चालक चव्वेचाळीस, पैकी एकोणतीस डावे. प्रतिष्ठेमुळे डाव्या आतड्याचं रक्षण होतं, असा निबंध यावर एका परिषदेत वाचला गेला. टाळ्या बऱ्याच पडल्या.

मग गावप्रमुख नाना अग्येकुम दाखल झाले ('नाना' ही तिथली प्रमुखाची पदवी). त्यांची जनुकं स्वच्छ निघाली. फुकट औषधाच्या योजनेत एकच जागा उरली होती. डॉ. पोकुआंनी तपासताना नानांच्या खांद्यावरचं वस्त्र बाजूला केलं आणि तडक बादूंचं टेबल गाठलं.

"बादू, नानांच्या पोटावरची शौचाची पिशवी डावीकडे आहे."

"सेबे म्हणा, मॅडम."

"सेबे. गाठही डावीकडेच होती. तुम्ही उजवी का लिहिलीत?"

"एवढ्या मोठ्या माणसाचं डावं लिहू? आईला काय तोंड दाखवू मी?"

"औषध नाही मिळालं तर जातील हो ते."

बादूंच्या मुलीचं नाव नानांनी ठेवलं होतं. नोंद बदलायला रुग्णाचा तोंडी होकार लागतो, असा नियम आहे. बादू चपला काढून खाटेपाशी उभे राहिले. प्रमुखाशी थेट बोलायचं नसतं. बोलणं त्यांच्या प्रवक्त्यामार्फत जातं, आणि ते शोभिवंत करून पोचवणं हेच प्रवक्त्याचं काम.

"नानांना विचारा," बादू घाम पुसत म्हणाले, "सेबे, सेबे, गाठ डावीकडेच होती ना?"

प्रवक्ता नानांकडे वळला. "नाना, इस्पितळ विचारतंय, आपलं सगळं योग्य बाजूला आहे ना?"

नानांनी भोवती जमलेल्या सात गावच्या मंडळींवर नजर फिरवली.

"आहे," ते म्हणाले.

नोंद 'उजवी'च राहिली आणि जागा क्वाकू डोंकोर नावाच्या चालकाला मिळाली. तो हल्ली पुन्हा गाडी चालवतो आणि पूर्वीइतक्याच शिव्या देतो. नानांचा अंत्यविधी तीन दिवस चालला. इतका मान आजवर कोणाचा राखला गेला नाही, असं सगळे म्हणाले. बादू कोपऱ्यात बसून ढसाढसा रडले. डोळे त्यांनी उजव्या हाताने पुसले.

वाचक हसले असतील, तर चांगलंच आहे. हा कागद तुम्ही कोणत्या हातात धरलाय, ते आम्ही विचारत नाही. शौचाच्या वेळी रक्त पडतं का, एवढंच विचारतो.

नाही म्हणालात ना? ठीक. उजवी लिहून घेतो.